सोळाव्या नंबरचा एक गुण

सई,

२०२५च्या मार्चमध्ये फेडरल वेच्या तलावावरून मी तुला एक व्हिडिओ पाठवला होता. तो पाहून तू विचारलंस, "मावशी, ही ऑलिंपिकची निवड चाचणी आहे का गं?" निवड चाचणी नव्हे. ती कॉलेजच्या मुलींची स्पर्धा होती. एनसीएए या संस्थेची, पहिल्या डिव्हिजनची, मुलींची राष्ट्रीय जलतरण आणि डायव्हिंग स्पर्धा. मोबाईलवर दोन ओळींत हे सांगून भागेना, म्हणून पत्र लिहायला घेतलं. वाचून झालं की ताईला, म्हणजे तुझ्या आईला, दे. यातलं बरंचसं तिच्यासाठीही आहे.

फेडरल वे हे सिएटलच्या दक्षिणेचं गाव. तिथला तलाव १९९०च्या गुडविल गेम्ससाठी बांधला. आत पाऊल टाकलं की आधी क्लोरिनचा वास येतो आणि मग आवाज अंगावर येतो. प्रत्येक विद्यापीठाच्या मुली काठावर घोळक्याने उभ्या, गालांवर रंग, घसा बसलेला. ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत तू इथे पाहायला हवीस. पोहणारीचं डोकं दर हाताला पाण्याबाहेर येतं, नेमक्या त्याच क्षणी तिच्या मैत्रिणी एका तालात ओरडतात. डोकं खाली गेलं की गप्प, वर आलं की पुन्हा आरोळी. आठ लेन, आठ वेगवेगळे ताल. शेवटच्या वळणानंतर सगळ्यांचा ताल चुकतो आणि नुसता कल्ला उरतो.

तलाव तुला लहान वाटला, ते बरोबर आहे. बालेवाडीचा आपला तलाव ५० मीटरचा. इथे कॉलेजच्या शर्यती २५ यार्डांत होतात, म्हणजे २२.८६ मीटर. जुन्या शाळा-कॉलेजांनी तलाव यार्डांत बांधले आणि ते तसेच चालत राहिले. २००० आणि २००४ या ऑलिंपिकच्या वर्षांत ही स्पर्धा २५ मीटरमध्ये घेऊन पाहिली, पण गाडी पुन्हा यार्डांवरच आली. लहान तलावात वळणं जास्त. बालेवाडीत १०० मीटरला एक वळण, इथे १०० यार्डांना तीन. भिंतीला लाथ मारल्यावर पंधरा मीटरच्या आत डोकं वर आलं पाहिजे, हा नियम तुला माहीत आहेच. आता हिशोब कर. २२.८६ मीटरच्या लांबीतले पंधरा मीटर पाण्याखालून काढता आले, तर जवळजवळ दोन तृतीयांश शर्यत पाण्याखालीच झाली. (तुझ्या ब्रेस्टस्ट्रोकला ही चैन नाही. तिथे भिंतीपासून हाताची एकच ओढ, मग वर.)

त्या व्हिडिओतली निळी-नारिंगी टोपीवाली ग्रेचेन वॉल्श. व्हर्जिनिया विद्यापीठाची. तिने त्या दिवशी १०० यार्ड बटरफ्लाय ४६.९७ सेकंदांत मारली. ४७च्या आत आलेली ती पहिलीच. ती पाण्याखाली जाते आणि बाकीच्या पोहायला लागलेल्या असतात तरी ही दिसत नाही. मग एकदम पुढे कुठेतरी वर येते. ही लहान तलावातली राणी, मोठ्या तलावात हिचं काय होणार, असं लोक बोलायचे. पॅरिसला २०२४मध्ये १०० मीटर बटरफ्लायमध्ये ती दुसरी आली तेव्हा तर जास्तच बोलले. चार शतांश सेकंदांनी हरली होती, तीही टोरी हस्क या स्टॅनफर्डच्या मुलीकडून. पॅरिसच्या सुवर्ण आणि रौप्यपदकाच्या या दोन्ही मानकरी फेडरल वेला आपापल्या कॉलेजच्या टोप्या घालून आल्या होत्या. आणि त्यानंतर मे महिन्यात वॉल्शने ५० मीटरच्या तलावात ५४.६० सेकंदांचा जागतिक विक्रम केला. बोलणारे गप्प झाले.

पण सई, वॉल्शबद्दल तुला कुठेही वाचायला मिळेल. मला तुला सोळाव्या नंबराबद्दल सांगायचं आहे.

सकाळी प्राथमिक फेरी होते. त्यातल्या पहिल्या आठ संध्याकाळी अंतिम शर्यतीत. नवव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या आठ जणींची वेगळी शर्यत असते, तिला बी फायनल म्हणतात. आता गुण बघ. पहिलीला २०, दुसरीला १७, मग १६, १५ असं उतरत आठवीला ११. बी फायनल जिंकणाऱ्या नववीला ९, दहावीला ७, मग एकेकाने कमी होत सोळावीला १. रिलेला याच्या दुप्पट. सगळ्या शर्यतींची आणि डायव्हिंगची बेरीज करून जिचे गुण जास्त, ती शाळा विजेती. (इथे विद्यापीठालाही स्कूलच म्हणतात, माझ्या तोंडी तेच बसलंय.) बी फायनलमधल्या मुलीने अंतिम शर्यतीतल्या विजेतीपेक्षा कमी वेळ घेतला तरी तिचा नंबर नववाच. पुन्हा वर जायची सोय नाही. तरीही त्या शर्यती पाहताना खुर्चीवर बसवत नाही, कारण पंधरावीची चौदावी झाली की तिच्या शाळेच्या खात्यात एक गुण वाढतो आणि काठावरच्या सगळ्या जणी उड्या मारतात.

तू राज्य स्पर्धेत २०० मीटर ब्रेस्टला सहावी आलीस, तेव्हा घरी काय झालं ते मला ताईने सांगितलं. काहीच झालं नाही. पदक नाही म्हणजे गेलीस तशी आलीस. आपल्याकडे पहिल्या तिघी, आणि मग दहावीचे क्रीडागुण. ते एकदा गुणपत्रिकेत पडले की पोहण्याचं काम झालं असं घराघरात मानतात. सहावीने पुढच्या वर्षी का पोहावं, याचं उत्तर कोणाकडे नसतं. इथे ते त्या गुणतक्त्यात आहे. अमेरिकेच्या पोहण्याबद्दल लोक तलाव, पैसा, उंची, खाणंपिणं काय काय सांगतात. ते सगळं खरंच आहे. मला मात्र वाटतं की सहावीला आणि सोळावीला वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत पाण्यात ठेवणारा हा हिशोब त्या सगळ्याहून मोठा आहे. पहिली येणारी कुठेही पोहत राहते. बाकीच्या गळतात, आणि पुढची पहिली त्यांच्यातूनच यायची असते.

एक शर्यत मी मुद्दाम सांगते, कारण ती टीव्हीवर नीट दिसत नाही. १६५० यार्ड. तिला इथे माईल म्हणतात, खरा मैल १७६० यार्डांचा असला तरी. ६६ लांब्या. एवढ्या फेऱ्या पोहणारीच्या लक्षात कशा राहणार? म्हणून तिची एक मैत्रीण पलीकडच्या टोकाला काठावर गुडघे टेकून बसते. तिच्या हातात आकड्यांची प्लास्टिकची पाटी असते. पोहणारी जवळ आली की ती पाटी पाण्यात बुडवते : ३, ५, ७. नुसते विषम आकडे, कारण त्या टोकाला विषमच येतात. तिचं काम आकडा दाखवण्याचं. पण पोरी तेवढ्यावर थांबतात होय? वेग वाढवायचा असेल तर पाटी पाण्यात खालीवर घुसळतात, शेजारची मागे पडली असेल तर कडेला हलवतात. शेवटच्या वळणाला आकडा जाऊन नुसता लाल-नारिंगी रंग येतो. मी जिच्यामागे बसले होते, तिची बाह्यांपर्यंत भिजलेली पाठमोरी आकृतीच मी सगळा वेळ पाहत होते. ती स्वतः त्या दिवशी कशातही उतरली नव्हती. शर्यत संपल्यावर ती उठली तेव्हा गुडघ्यांवर फरशीच्या जाळीचे वळ उमटले होते आणि ती पाटी हवेत नाचवत होती. तिची मैत्रीण जिंकली नव्हती, मला वाटतं बारावी-तेरावी आली असेल.

आता डायव्हिंग. एका शाळेला राष्ट्रीय स्पर्धेत अठराच जणी आणता येतात आणि त्यात डायव्हर अर्धी धरतात! दोन डायव्हर आणल्या की एक जागा खर्च होते. प्रत्येकीचे गुण मात्र पूर्ण. आपल्या सोलापूरच्या डायव्हिंगवाल्या मुलींना हे सांगितलं तर हसतील. उडी मारायची तिथे पाण्यावर बारीक फवारा सोडून ठेवतात, नाहीतर वरून पाणी काचेसारखं सपाट दिसतं आणि गिरक्या घेताना पृष्ठभाग कुठे आहे ते कळत नाही. परीक्षकांचे सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे गुण काढून टाकतात, उरलेल्यांची बेरीज उडीच्या काठिण्याने गुणतात. दहा मीटरवर पाठमोरी, टाचा हवेत ठेवून उभी राहिलेली मुलगी बघताना माझ्या तळपायांना घाम येतो. मला यातलं फार कळत नाही, म्हणून इथेच थांबते.

ताईसाठी थोडा इतिहास. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये डॉना डी व्हरोना या सतरा वर्षांच्या अमेरिकन मुलीने पोहण्यात दोन सुवर्णपदकं जिंकली. परत आली आणि निवृत्त झाली, सतराव्या वर्षी. कारण मुलींना पोहण्यासाठी शिष्यवृत्ती देणारं एकही कॉलेज नव्हतं. त्याच ऑलिंपिकात चार सुवर्णपदकं जिंकलेला डॉन शोलँडर येल विद्यापीठात गेला, तिथल्या संघातून पोहत राहिला आणि १९६८ला मेक्सिकोहून पुन्हा पदकं घेऊन आला. डी व्हरोना पुढे खेळांची निवेदक झाली आणि मुलींच्या खेळासाठी आयुष्यभर भांडली.

आणि तू, ताई, आणि मी? काकांनी आपल्या दोघींच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. आठवड्याभरात डबा सुटला. तू तर वरच्या कठड्यावरून सूर मारायचीस, गावातले मुलगे बघत राहायचे. मग एका उन्हाळ्यात आजी म्हणाली, आता पुरे, मोठ्या झालात. काका काही बोलले नाहीत. त्या उन्हाळ्यानंतर आपण दोघींनी विहिरीत पाय ठेवला नाही. परवा फोनवर "बारावीला पोहणं बंद" असं तू सहज म्हणालीस ना, तेव्हा मला आजीचाच आवाज ऐकू आला. राग मानू नकोस.

अमेरिकेत मुलींचं हे थांबणं बदललं ते कायद्याने. २३ जून १९७२ला टायटल नाईन नावाच्या कलमावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही स्त्री आहे किंवा पुरुष आहे म्हणून वगळता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. खेळ हा शब्दसुद्धा त्यात नाही. ते मंजूर व्हावं म्हणून झटणाऱ्यांत पॅट्सी मिंक होत्या, हवाईच्या, जपानी वंशाच्या खासदार. त्यांना स्वतःला बाई म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला होता. आणि गंमत बघ, आज जी एनसीएए ही स्पर्धा भरवते तीच तेव्हा या कायद्याविरुद्ध कोर्टात गेली होती. मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा त्या काळात बायकांनीच चालवलेली एक वेगळी संस्था घ्यायची. मुलींच्या खेळाला पैसा आणि प्रतिष्ठा मिळू लागली तशी एनसीएए पुढे आली. मुलांची अधिकृत स्पर्धा १९३७पासून चालू होती, मुलींची १९८२ला सुरू झाली आणि ती जुनी संस्था बंद पडली. पहिलं विजेतेपद फ्लॉरिडा विद्यापीठाचं. त्या संघात ट्रेसी कॉल्किन्स होती. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला म्हणून तिचं ऑलिंपिक हुकलं होतं. ती कॉलेजमध्ये पोहत राहिली आणि १९८४ला लॉस एंजलिसला तीन सुवर्णपदकं जिंकली. वीस वर्षांपूर्वी डी व्हरोनाला जे मिळालं नाही, ते हे.

पुढची विजेतेपदं वाटून गेली : टेक्सास, स्टॅनफर्ड, जॉर्जिया, ऑबर्न, कॅलिफोर्निया वगैरे. २०२०ला करोनाने स्पर्धाच झाली नाही. २०२१पासून २०२५पर्यंत सलग पाच वर्षं व्हर्जिनिया. २०१५ची १०० यार्ड फ्रीस्टाईल इथे अजून आठवतात : सिमोन मॅन्युएल, लिया नील, नॅटली हाइंड्स. पहिल्या तिघीही कृष्णवर्णीय. या देशात काळ्या माणसांना सार्वजनिक तलावात उतरू देत नसत त्याला अजून फार वर्षं झालेली नाहीत. पुढच्याच वर्षी रिओहून मॅन्युएल सुवर्णपदक घेऊन आली.

सई, परदेशी मुलींना इथे जागा असते का, असं तू विचारलं होतंस. असते. झिंबाब्वेची कर्स्टी कॉव्हेंट्री ऑबर्नला शिकली, त्यांच्याकडून पोहली, आणि दोन ऑलिंपिकांत मिळून सात पदकं जिंकली. फेडरल वेची स्पर्धा चालू असतानाच, २० मार्चला, ती आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची अध्यक्ष म्हणून निवडून आली. त्या खुर्चीवर बसणारी पहिली बाई आणि पहिली आफ्रिकन.

हे सगळं वाचून तू उद्याच बॅग भरायला घेशील, म्हणून दुसरी बाजूही सांगते. पहिल्या डिव्हिजनमध्ये दोनशेच्या जवळपास शाळांचे मुलींचे संघ आहेत आणि राष्ट्रीय स्पर्धेला सगळ्या मिळून तीनशेच्या आसपास मुली पोहोचतात. बाकीच्यांचं वर्ष त्याआधीच संपतं. पूर्वी एका संघाला जास्तीत जास्त चौदा पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या, त्या पंचवीस-तीस मुलींत तुकडे करून वाटायच्या. २०२५च्या जूनमध्ये कोर्टाने एका तडजोडीला मान्यता दिली आणि ती स्वीकारणाऱ्या शाळांपुरती ती मर्यादा गेली. आता त्यांचा संघच जास्तीत जास्त तीस जणींचा. विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. ते पैसे फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मुलांकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको, आणि कात्री लागली तर ती पोहण्यासारख्या खेळांना लागेल ही इथल्या प्रशिक्षकांची रोजची धास्ती आहे. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलीला असे पैसे घेणं आणखी अवघड.

आणि प्रशिक्षक नीट पारखून घे. आपल्या शाळेला ही स्पर्धा चारदा जिंकून देणाऱ्या एका नामांकित प्रशिक्षकाला मुलींना दिलेल्या वागणुकीच्या चौकशीनंतर विद्यापीठाने काढून टाकलं. चषकांच्या कपाटाकडे बघून शाळा निवडू नकोस. तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींशी बोल. किती जणी मधेच सोडून गेल्या, ते विचार.

तिसरी डिव्हिजनही असते, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, अभ्यासावर किंवा गरजेवर देतात. तिची चेष्टा करू नकोस. ओहायोतल्या एका खेड्यात केनियन नावाचं छोटं कॉलेज आहे, त्यांच्या मुलींनी १९८४ ते २००० अशी सलग सतरा वर्षं तिसऱ्या डिव्हिजनची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तुझ्या वेळा आणि तुझे गुण पाहता मला तुझ्यासाठी अशीच एखादी जागा दिसते. तिथेही नववी ते सोळावीला गुण मिळतातच.

आता कामाचं. तुझ्या बालेवाडीच्या वेळा जशा आहेत तशा पाठव, शेजारी "५० मीटर" असं लिहून. मीटरच्या वेळा यार्डांत करून देणारे तक्ते ढिगाने मिळतात. ते लावून हुरळू नकोस, प्रशिक्षक मूळ वेळच बघतात. नववीपासूनच्या गुणपत्रिका काढून ठेव, पहिल्या डिव्हिजनचं काही जमायचं असेल तर पात्रता ठरवताना नववीपासूनचे विषय मोजतात. एनसीएएने सॅट परीक्षेची अट २०२३ला काढली आहे, एखादं विद्यापीठ स्वतः मागेल ते वेगळं. बारावीचा अभ्यास मात्र सुटणार नाही, म्हणजे ताईची काळजी अगदीच वाया गेलेली नाही. पोहणं आठवड्यातून सहा दिवसांचं चारवर आणलं तरी चालेल, बंद करू नका एवढंच. आणि २०० ब्रेस्टचा एक व्हिडिओ हवा, काठावरून, आडवा, तिन्ही वळणं दिसतील असा. बाबांना सांग, मोबाईल दोन्ही हातांनी धरा. मागच्या वेळी अर्धी शर्यत बालेवाडीचं छतच दिसत होतं.

तुझी,
मावशी